दृक्‌श्राव्य अनुदिनी आणि इंग्रजी संभाषणाचा सराव : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

इंग्रजीच्या अध्यापनात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर या विषयावर आपल्याकडे जे लेखन होते, त्यातील बरेचसे साधनाच्या स्वागताचे असते. साधन नवे आहे, विद्यार्थ्यांना ते आवडते, म्हणून ते उपयुक्त आहे, अशी साधारणपणे त्याची मांडणी असते. दृक्‌श्राव्य अनुदिनी, म्हणजे ज्याला आज सर्वत्र व्हिडिओ ब्लॉग किंवा नुसते व्लॉग म्हटले जाते, तिच्याबाबतही असेच घडले आहे. विद्यार्थ्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दोन-तीन मिनिटे इंग्रजीत बोलावे, ते चित्रण जालावर किंवा वर्गाच्या समूहात ठेवावे, इतरांनी ते पाहून अभिप्राय द्यावा आणि असे सत्रभर दर आठवड्याला घडावे, हे या पद्धतीचे सर्वसाधारण स्वरूप होय. यूट्यूबचा आरंभ २००५ मध्ये झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच, विशेषतः तैवानमधील अध्यापकांनी, या कल्पनेचा वर्गात उपयोग करून पाहिला. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थ्यांना चित्रण करून पाठविण्याची सवय लागली आणि ही पद्धत तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

प्रस्तुत लेखात मराठी माध्यमातून आलेला, पदवीच्या प्रथम वर्षात शिकणारा विद्यार्थी समोर ठेवून या पद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ती टाकाऊ आहे असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु तिच्यापासून जे मिळते असे सांगितले जाते ते आणि प्रत्यक्षात जे मिळते ते, यांत अंतर आहे. हे अंतर ओळखले नाही तर विद्यार्थ्याच्या कष्टाचे चीज होणार नाही.

प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्र शासनाने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याने कुमारभारती आणि युवकभारती वाचलेली असते, प्रश्नोत्तरे लिहिलेली असतात, निबंध आणि पत्रे पाठ केलेली असतात. तरीही नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगून झाला की त्याचे इंग्रजी थांबते. याचे कारण बुद्धीत शोधण्याची गरज नाही, साधे गणित पुरेसे आहे. अनिवार्य इंग्रजीच्या वर्गात शंभर विद्यार्थी आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास धरला, अध्यापकाने तोंडातून एक शब्दही काढला नाही असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिटदेखील येत नाही. जे केलेच नाही ते येणार कसे?

मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे आठवतो. कॅनडातील काही शाळांत इंग्रजीभाषक मुलांना शालेय विषय फ्रेंचमधून शिकविले जात. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्यांचे आकलन उत्तम झाले होते, पण बोलणे आणि लिहिणे मागे राहिले होते. केवळ ऐकण्या-वाचण्याने भाषा बोलता येत नाही. आपणहून वाक्य घडवावे लागते, ते समोरच्यापर्यंत पोहोचते का हे पाहावे लागते आणि न पोहोचल्यास ते पुन्हा घडवावे लागते, असा स्वेन यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आपल्या विद्यार्थ्याला तर ऐकणेही पुरेसे मिळालेले नाही. त्याला मिळाले आहे ते मुख्यतः वाचन, आणि तेही परीक्षेपुरते.

या पार्श्वभूमीवर व्लॉगचे पहिले देणे मोठे आहे, हे निःशंकपणे मान्य केले पाहिजे. ते देणे म्हणजे वेळ. शंभर विद्यार्थी एकाच संध्याकाळी, आपापल्या घरी, तीन-तीन मिनिटे बोलू शकतात. वर्गात हे कोणत्याही उपायाने साधणारे नाही. दुसरे देणे त्याहून महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. विद्यार्थी एकदाच बोलून थांबत नाही. पहिले चित्रण त्याला आवडत नाही, ते पुसून तो दुसरे करतो, मग तिसरे. अंतिम चित्रण तीन मिनिटांचे असले तरी त्यामागे अर्धा तास बोलणे झालेले असते. अध्यापकाने न सांगता, गुणांची लालूच न दाखविता घडणारा असा सराव दुसऱ्या कोणत्या गृहपाठात होतो?

पुनरावृत्तीचे हे मोल भाषाध्यापनाला जुनेच आहे. पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये ‘सिस्टिम’ या नियतकालिकात चार-तीन-दोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरावाचे विवेचन केले. विद्यार्थी एकच विषय प्रथम चार मिनिटे सांगतो, मग तोच तीन मिनिटांत आणि शेवटी दोन मिनिटांत. मजकूर तोच राहिल्याने काय सांगावे याची चिंता उरत नाही आणि सर्व लक्ष कसे सांगावे याकडे वळते. त्यामुळे बोलण्याचा ओघ वाढतो. व्लॉगच्या पुरस्कर्त्यांनी या सरावाशी नाते सांगितले तर ते वावगे ठरणार नाही. मात्र त्यातील एक बारकावा नजरेतून सुटता कामा नये. नेशन यांच्या पद्धतीत प्रत्येक वेळी ऐकणारा बदलतो. बोलणाऱ्याला तेच पुन्हा सांगण्याचे खरेखुरे कारण मिळते, कारण समोरच्याने ते अद्याप ऐकलेले नसते. व्लॉगमध्ये पुनरावृत्ती राहते, पण ऐकणारा नाहीसा होतो. माझ्या मते या पद्धतीच्या बहुतेक मर्यादांचे मूळ येथे आहे.

वाटणे आणि होणे

या विषयावरील संशोधनपर लेखनात एक ठरावीक साचा आढळतो. एका वर्गाला एक सत्र हा उपक्रम दिला जातो. शेवटी प्रश्नावली भरून घेतली जाते. आत्मविश्वास वाढला का, भीती कमी झाली का, उपक्रम आवडला का, या प्रश्नांना विद्यार्थी बहुधा होकार देतात आणि त्यावरून पद्धत यशस्वी ठरविली जाते. तेवढाच वेळ दुसऱ्या एखाद्या रीतीने बोलण्यात घालविला असता तर काय झाले असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिवाय ज्या अध्यापकाच्या हाती गुण आहेत, त्यानेच विचारलेल्या प्रश्नाला विद्यार्थी नकार कसा देईल?

याला अपवाद ठरणारे आणि म्हणून विशेष मोलाचे काम तैवानमधील यू-चिह सुन यांचे आहे. त्यांचा अभ्यास ध्वनि-अनुदिनीवर, म्हणजे चित्राविना केवळ आवाज नोंदविण्यावर होता. परंतु सरावाची जातकुळी तीच आहे. २००९ च्या निबंधात त्यांनी विद्यार्थी नोंद कशी तयार करतात याचे टप्पे दाखविले आणि विद्यार्थ्यांचा अनुकूल अनुभव नोंदविला. २०१२ मध्ये ‘कॅलिको जर्नल’मधील निबंधात मात्र त्यांनी वाटणे आणि होणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. आपले बोलणे सुधारले असे विद्यार्थ्यांना वाटत होते. प्रत्यक्ष मापनात उच्चार, ओघ, अचूकता आणि वाक्यरचनेतील संमिश्रता यांपैकी कशातही लक्षणीय सुधारणा दिसली नाही. स्वतःच्या उपक्रमाचा असा निष्कर्ष छापणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे, आणि आपल्याकडील प्रकल्प-अहवाल पाहता ते दुर्मिळही वाटते.

या निष्कर्षावरून पद्धत निरुपयोगी ठरत नाही. सत्राचा अवधी अपुरा असू शकतो. आणि वाटणे हेही क्षुल्लक नाही, कारण ज्याला बोलता येईल असे वाटते तोच तोंड उघडतो. तरीही इतके बोलून अचूकता का वाढली नसावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठीभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत शोधून पाहण्यासारखे आहे.

स्वतःचे कान

पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्याच्या चुकांचे दोन प्रकार वेगळे केले. पहिला प्रकार घसरण्याचा. नियम ठाऊक आहे, पण बोलण्याच्या भरात जीभ चुकली. दुसरा प्रकार नियमच वेगळा असण्याचा. विद्यार्थ्याच्या मनातील इंग्रजीत ते वाक्य बरोबरच असते. व्लॉगचे चित्रण स्वतः पाहिल्याने पहिल्या प्रकारच्या चुका निश्चित सुधारतात. अडखळणे, शब्द गाळणे, मध्येच ‘म्हणजे’ येणे, वाक्य अर्धवट सोडणे हे सर्व विद्यार्थ्याला दिसते आणि पुढच्या चित्रणात तो ते दूर करतो. दुसऱ्या प्रकारच्या चुका त्याला दिसत नाहीत, कारण त्या पकडणारे कान त्याचेच असतात.

उदाहरणे नेहमीची आहेत. ‘मी वडिलांना सांगितले’ यातील ‘ना’ इंग्रजीत ‘टू’ होऊन येतो आणि विद्यार्थी ‘आय टोल्ड टू माय फादर’ म्हणतो. ‘त्याविषयी चर्चा केली’ यातून ‘वी डिस्कस्ड अबाउट इट’ जन्माला येते. मराठीत उपपद नाही, म्हणून ‘माय फादर इज फार्मर’ हे वाक्य त्याच्या कानाला पूर्ण वाटते. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. ही वाक्ये तो दहा वेळा चित्रित करील आणि दहाव्या वेळी ती अधिक सफाईने, अधिक आत्मविश्वासाने म्हणेल. चूक तशीच राहून तिच्यावरची धूळ तेवढी झटकली जाईल. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या भाषेतील चुका काही काळाने घट्ट होऊन बसतात असे दाखविले होते. सफाईची पुनरावृत्ती या घट्ट होण्याला साह्यच करते.

उच्चारांचेही तसेच आहे. आपल्या लेखनपद्धतीने येथे एक चमत्कारिक पेच निर्माण केला आहे. इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनी आपण ‘व’ आणि ‘व्ह’ असे वेगळे लिहितो. ‘वॉच’ आणि ‘व्हॅन’ ही त्याची उदाहरणे. त्यामुळे आपण ते वेगळे उच्चारतो असा आपला समज असतो. वस्तुतः ‘व्ह’मध्ये आपण हकार मिसळतो. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून करावयाचे घर्षण त्यात नसते. विद्यार्थी आपले चित्रण ऐकतो तेव्हा त्याला दोन वेगळे ध्वनी ऐकू येतात आणि तो समाधानी होतो. शब्दातील आघाताची गोष्ट तर याहून अवघड आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अवयवावर असलेला आघात ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर जातो. मराठीत आघाताने शब्द बदलत नसल्याने हे सरकणे मराठी कानाला जाणवतच नाही.

यूट्यूबवर २००९ पासून स्वयंचलित उपशीर्षकांची सोय आहे. यंत्राने आपला शब्द काय ऐकला हे पाहणे विद्यार्थ्याला उद्‌बोधक ठरते आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु यंत्र संदर्भावरून अंदाज बांधते. सदोष उच्चारही कित्येकदा बरोबर टिपला जातो आणि ‘फादर इज फार्मर’मधील उणीव त्याच्या ध्यानी येईलच असे नाही.

प्रश्न न विचारण्याची सवय

व्लॉगमधून काय गळते हे पाहण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. तीस विद्यार्थ्यांची चित्रणे घ्यावीत आणि त्यांत किती प्रश्नार्थक वाक्ये आहेत ते मोजावे. ‘हाउ आर यू ऑल?’ हा ज्याला उत्तर अपेक्षित नाही असा प्रश्न वगळला, तर हाती फारसे काही लागणार नाही. एकटा माणूस प्रश्न विचारणार तरी कोणाला?

ही उणीव किरकोळ नव्हे. इंग्रजी प्रश्नरचना हा मराठीभाषकाच्या वाटेतील मोठा अडसर आहे. मराठीत ‘तू कुठे चालला आहेस’ या प्रश्नात शब्दक्रम बदलत नाही, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग’ असे वाक्य तोंडी येते. ‘डिड यू वेंट’ हे त्याचे भावंड. बँकेत, मुलाखतीत, दवाखान्यात, परगावच्या नोकरीत विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज पडणार ती प्रश्न विचारण्याची, न समजलेले पुन्हा सांगावयास लावण्याची, समोरच्याचे बोलणे न तोडता आपले म्हणणे मध्ये घालण्याची. यांपैकी एकही गोष्ट कॅमेऱ्यासमोर घडत नाही. मुलाखतीत उमेदवार गडबडतो तो स्वतःची ओळख करून देताना नव्हे, तर तिच्यावर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला.

याउलट, जेथे एकट्यानेच बोलावयाचे असते तेथे ही पद्धत चांगली लागू पडते. रू-चू शिह यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तैवानमधील अभ्यासात व्हिडिओ ब्लॉगचा उपयोग जाहीर भाषणाच्या अभ्यासक्रमासाठी केला होता आणि त्याला सहाध्यायी व अध्यापक यांच्या अभिप्रायाची जोड दिली होती. तेथे साधन आणि साध्य यांचा मेळ होता. आपल्याकडे त्याच साधनाला संभाषणकौशल्याचे नाव दिले जाते, हा घोटाळा आहे. आणि तो आपल्याकडे सहज खपतो, याला आपली वक्तृत्वस्पर्धांची परंपरा कारणीभूत आहे. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ येथून सुरू होणारे पाठ केलेले भाषण म्हणजेच उत्तम बोलणे, हा संस्कार शाळेतच झालेला असतो. विद्यार्थी व्लॉगचा मजकूर आधी लिहून काढतो, अलीकडे तो यंत्राकडूनच लिहून घेतो, कॅमेऱ्यामागे कागद चिकटवतो आणि वाचतो. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. आठवडी बाजारावर बोलणारा मुलगा भाजीवालीशी झालेली घासाघीस सांगत नाही, बाजाराचे ग्रामीण अर्थव्यवस्थेतील स्थान सांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला आजवर तेच शिकविले आहे.

लाज, घर आणि गुण

वर्गात सर्वांसमोर बोलण्याची लाज कॅमेऱ्यामुळे कमी होते, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. वर्गातील फजिती तासाबरोबर संपते, जालावरची राहते. इंग्रजी चुकणाऱ्याची चित्रफीत करमणूक म्हणून फिरविणे हा आपल्या समाजातील नित्याचा प्रकार आहे. त्यातही मुलींचा प्रश्न वेगळा आहे. अनेक घरांत मुलीच्या हातात मोबाइल आहे, पण तिचा चेहरा जालावर असण्याला घरची संमती नाही. काही घरांत मोबाइल भावाचा आहे. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही आणि भांड्यांच्या आवाजात एकटीने इंग्रजी बोलावयाचे, तेही आजी आणि शेजारीण ऐकत असताना, हे काम वर्गात उभे राहण्यापेक्षा सोपे आहे असे कोणी समजू नये. अशा परिस्थितीत जाहीर चित्रणाला अंतर्गत गुण जोडणे ही सक्तीच होय. चेहरा न दाखविण्याची, केवळ आवाज देण्याची आणि चित्रण वर्गाबाहेर न जाण्याची मुभा प्रथमच, मागण्याची वेळ न आणता, दिली पाहिजे. भाषेच्या सरावात चेहऱ्याने अशी कोणती भर पडते, हेही एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

ऐकणार कोण?

आता पुन्हा गणिताकडे येऊ. शंभर विद्यार्थ्यांनी तीन-तीन मिनिटांची चित्रणे पाठविली तर ती नुसती पाहण्यास पाच तास लागतात. अभिप्राय द्यावयाचा म्हटला तर दहा. दर आठवड्याला हे कोणत्याही अध्यापकाला शक्य नाही. शक्य आहे असे जे अहवालात लिहिले जाते ते विश्वासार्ह मानण्याचे कारण नाही. या पद्धतीने बोलण्याच्या वेळेचा प्रश्न सोडविला, पण तो ऐकण्याच्या वेळेकडे सरकवून. परिणामी चित्रण पाठविले की नाही एवढीच नोंद होते आणि महिन्याभरात विद्यार्थ्याच्याही ते ध्यानात येते. सहाध्यायी अभिप्राय देतात तो ‘नाइस’, ‘गुड कॉन्फिडन्स’ किंवा अंगठ्याचे चित्र. मित्राची चूक त्यांना दिसत नाही, कारण ती त्यांचीही असते, आणि दिसली तरी दाखविणे मैत्रीला धरून होत नाही.

येथे एक बदल सुचवावासा वाटतो. चित्रण सर्वांसाठी न करता एका ठरावीक सहाध्यायीसाठी करावे आणि त्याने लेखी अभिप्राय न देता आवाजातच दोन प्रश्न विचारावेत. ज्यांचे उत्तर मूळ बोलण्यात आलेले नाही, असेच ते असावेत. मूळ बोलणाऱ्याने त्यांना तशीच, लिहून न काढता, उत्तरे द्यावीत. आठवडी बाजारावर बोलणाऱ्याला जेव्हा ‘कोथिंबिरीची जुडी कितीला घेतलीस?’ असा प्रश्न येतो, तेव्हा अर्थव्यवस्थेतील स्थान बाजूला राहते आणि तो बोलू लागतो. जोडीदार दर पंधरवड्याला बदलावा, म्हणजे नेशन यांच्या पद्धतीतील बदलता श्रोता परत मिळतो आणि तोच विषय नव्या माणसाला पुन्हा सांगण्यास कारण राहते. प्रश्न विचारावाच लागत असल्याने शब्दक्रमाचा सराव ओघाने होतो. आज उलट बोलणारी संवादी यंत्रेही उपलब्ध आहेत आणि जोडीदार नसेल त्या दिवशी त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र यंत्र कंटाळत नाही, मध्येच बोलत नाही आणि मोडके वाक्यही समजून घेते. इतका समजूतदार श्रोता नोकरीत कोणालाच भेटत नाही.

अध्यापकाने सर्व चित्रणे पाहण्याचा आग्रह सोडावा. आठवड्याला आठ-दहा जोड्या निवडून त्यांतील केवळ उत्तरे ऐकावीत आणि पुन्हापुन्हा आढळणारी एकच रचना, उदाहरणार्थ ‘टोल्ड टू’, पुढच्या तासाला फळ्यावर घ्यावी. कोणाचे नाव न घेता ती घेता येते, कारण ती सर्वांचीच असते. त्यानंतरच्या आठवड्यात विद्यार्थी स्वतःचे जुने चित्रण ऐकेल, तेव्हा त्याच्या कानाला ती प्रथमच खटकेल. मूल्यमापन करावयाचेच असेल तर गुण तयार करून आणलेल्या तीन मिनिटांना देऊ नयेत. ते न ठरविता दिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या उत्तराला द्यावेत, मग त्यात दोनदा अडखळलेले असले तरी चालेल.